टोपणाचे झाले इंजिन

[विज्ञानकथांतील अवकाशयानांच्या लहान प्रतिकृती बनवणे, त्यांत आपल्या मनाप्रमाणे बदल करणे आणि त्या रंगवणे हा एक सुंदर छंद आहे. जे कोणी कधी पाहिले नाही, ते खरे कसे वाटायला लावायचे? या प्रश्नाचे उत्तर लेखकाला कोठे सापडले, ते प्रस्तुत पाठात वाचा.]



टूथपेस्टचे रिकामे टोपण तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? त्याच्या कडेने बारीक उभ्या रेघा असतात. आत आटे असतात. असे एक टोपण घ्या. त्याला काळपट राखाडी रंग द्या. मग ते पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला उलटे चिकटवा आणि दोन पावले मागे सरून पाहा. टोपण कोठे गेले? आता तुमच्यासमोर अवकाशयानाचे इंजिन आहे!

जगात अनेक लोकांना असा छंद आहे. दुकानात विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या प्रतिकृतींचे किट मिळतात. किटच्या डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात. त्या चौकटींना लहान लहान भाग जोडलेले असतात. ते कापून, घासून, चिकटवून प्रतिकृती तयार होते. डब्यावर 1:72 किंवा 1:35 असे प्रमाण लिहिलेले असते. 1:72 म्हणजे खरी वस्तू प्रतिकृतीच्या 72 पट मोठी. 180 सेंटिमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात फक्त अडीच सेंटिमीटरचा होतो. म्हणजे तो तुमच्या आगपेटीवर आरामात उभा राहील.

खऱ्या विमानाची प्रतिकृती बनवताना आपण छायाचित्र समोर ठेवतो. पंख असा आहे का, चाक तसे आहे का, हे पडताळून पाहतो. पण विज्ञानकथेतील अवकाशयान तर कोणीच पाहिलेले नाही. मग ते खरे कसे वाटावे? या छंदातील सगळी गंमत आणि सगळी अडचण येथेच आहे.

या बाबतीत एक गोष्ट सांगतो. 1975 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, व्हॅन नाइस या ठिकाणी एका गोदामात काही तरुण कारागीर जमले. जॉर्ज लुकास हे दिग्दर्शक ‘स्टार वॉर्स’ नावाचा चित्रपट तयार करत होते. त्यासाठी अनेक अवकाशयाने हवी होती. आज असे काम बहुधा संगणकावर होते. तेव्हा ती सोय नव्हती. याने हातानेच बनवायची होती.

या कारागिरांनी काय केले? त्यांनी बाजारातून रणगाडे, युद्धनौका, विमाने आणि मोटारी यांचे शेकडो किट आणले. पण त्यांतून रणगाडे किंवा मोटारी बनवल्या नाहीत. त्यांनी त्यांतील भाग वेगळे केले आणि आपल्या यानांच्या अंगावर चिकटवले. रणगाड्याचा एखादा भाग यानावरचे झाकण झाला. मोटारीच्या इंजिनाचा तुकडा यानाचे यंत्र झाला. हे भाग मुळात खऱ्या यंत्रांवरून घेतलेले होते. म्हणून नवीन जागी बसल्यावरही ते कोणत्या तरी कामाचे आहेत, असेच डोळ्यांना वाटे.

या चित्रपटाच्या सुरुवातीला एक लहान यान पळत असते आणि एक अतिशय प्रचंड यान त्याचा पाठलाग करते. प्रचंड यान पडद्यावर येतच राहते, संपता संपत नाही. प्रेक्षक थक्क झाले. पण खरी गंमत ऐका. त्या प्रचंड यानाची प्रतिकृती होती सुमारे 3 फूट लांब, आणि पळणाऱ्या लहान यानाची होती सुमारे 6 फूट! म्हणजे गोदामात ‘लहान’ यानच मोठे होते. मोठ्या यानाच्या अंगावर अगदी बारीक बारीक भाग लावलेले होते. कॅमेरा त्याच्या अगदी जवळून गेला. तेवढ्याने आपले डोळे फसले. भाग जितके बारीक, तितके यान मोठे दिसते. हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा.

ते 6 फुटांचे यान आधी नायकाचे यान म्हणून बनवले होते. पण ते दूरदर्शनवरील एका मालिकेतील यानासारखे दिसते, असे लक्षात आले. मग कारागिरांनी ते टाकून दिले का? नाही. त्याला हातोड्याच्या आकाराचे नवे तोंड बसवले आणि दुसऱ्या कामाला लावले. नायकासाठी बशीसारखे चपटे, वेगळे यान तयार केले. जुन्या वस्तूत थोडा बदल करून तिला नवे रूप देणे, यालाच या छंदात रूपांतर म्हणतात.

हा चित्रपट 1977 साली प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी त्याच्या दृश्य-चमत्कारांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. पुरस्कार घेणाऱ्या पाच जणांत प्रतिकृती विभागाचे प्रमुख ग्रँट मॅक्यून हेही होते. या चित्रपटातील एका लढाऊ यानाची प्रतिकृती 2023 साली अमेरिकेत लिलावात निघाली. तिला 31 लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तिच्यात माझी फजिती आहे, पण सांगायला हवी.

बी.एड. करून मी शाळेत नुकताच लागलो होतो. मंगळ ग्रहाचा पाठ शिकवायचा होता. मी आठ दिवस खपून एक यान बनवले. पुठ्ठ्याची नळी, गोळ्यांची रिकामी पाकिटे, पेनच्या रिफिली, बिघडलेल्या घड्याळाची चाके असे साहित्य वापरले. वरून चकचकीत चांदीसारखा रंग दिला. यान टेबलावर ठेवले तेव्हा मला मोठा अभिमान वाटत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मोटार दुरुस्तीचे मिस्त्री होते.

तो म्हणाला, “सर, राग येणार नसेल तर एक विचारू?”

“विचार की.”

“हे यान कुठून आले आहे?”

“मंगळावरून.”

“मग याच्यावर धूळ कशी नाही? सर, हे तर कधी उडालेच नाही.”

सगळा वर्ग हसला. खरे सांगतो, मला राग आला. मी त्याला खाली बसवले आणि धडा पुढे नेला. पण घरी गेल्यावर यान पुन्हा समोर ठेवले. मुलाचे म्हणणे बरोबर होते. माझे यान सुंदर होते, पण ते दुकानातल्या खेळण्यासारखे सुंदर होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावले. म्हणालो, “काल मी तुला गप्प बसवले, ते चुकले. आता मला सांग, खरी गाडी कशी दिसते?”

तो म्हणाला, “सर, आमच्या गॅरेजवर चला ना.”

गॅरेजमध्ये एक जुना ट्रक उभा होता. मुलगा बोट दाखवून सांगू लागला, “हे पाहा सर, धूर इथून निघतो, म्हणून इथे काळे झाले आहे. चढताना इथे पाय ठेवतात, म्हणून इथला रंग उडाला. पावसाचे पाणी या खिळ्यावरून ओघळते, म्हणून गंजाची रेघ वरून खाली आली.” त्याचे वडील हातातले काम थांबवून हसत म्हणाले, “सर, गाडीवरचा डाग उगाच नसतो. तो पाहून गाडीला काय झाले ते आम्ही ओळखतो.”

मित्रांनो, त्या दिवशी मी विद्यार्थी होतो आणि माझा विद्यार्थी शिक्षक होता. प्रत्येक डागाला कारण असते, हे मी त्याच्याकडून शिकलो. पुढे वाचनात आले की मोठे कारागीरही हेच करत आले आहेत. ब्रिटनमध्ये 1965 साली ‘थंडरबर्ड्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्यासाठी डेरेक मेडिंग्ज आणि त्यांचे सहकारी नव्या कोऱ्या प्रतिकृती मुद्दाम मळवीत. ‘स्टार वॉर्स’मधील यानेही जुनी, वापरलेली दिसावीत, असा लुकास यांचा आग्रह होता.

मी आणि तो मुलगा यान पुन्हा रंगवायला बसलो. प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी ‘का?’ असे विचारले. मंगळाच्या मातीत लोहाचे ऑक्साइड असते, म्हणून यानाच्या पायांवर तांबूस धूळ दाखवली. वेगाने वातावरणात शिरताना यानाचा तळ तापतो, म्हणून तळ काळपट केला. मी ट्रकसारखी गंजाची रेघ काढणार होतो. मुलानेच हात धरला. “सर, गंजायला हवा आणि पाणी लागते ना? अवकाशात कुठे आहे?” मी ब्रश खाली ठेवला.

तुम्हालाही असे यान बनवायचे आहे ना? मग हा क्रम ध्यानात ठेवा.

आधी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, कारण तेलकट भागावर रंग धरत नाही. चिकटवण्यापूर्वी भाग नुसते जुळवून पाहा. कडा पॉलिश पेपरने घासा. किटच्या प्लॅस्टिकसाठी वेगळे सिमेंट मिळते. ते डिंकासारखे चिकटत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि त्या एकजीव होतात. बाटल्यांच्या टोपणांवर मात्र ते चालत नाही. थर्मोकोलवर तर ते मुळीच लावू नका, थर्मोकोल विरघळून जातो. माझे एक यान असेच पाहता पाहता खड्ड्यात गेले! कागद, पुठ्ठा आणि थर्मोकोल यांसाठी पांढरा पाणीदार गोंद उत्तम.

मग अस्तराचा रंग द्या. पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू यांचे वेगवेगळे रंग अस्तराखाली झाकले जातात आणि यान एकाच वस्तूचे वाटू लागते. ते पूर्ण वाळले की मुख्य रंगाचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात देऊ नका, त्याने बारीक रेघा बुजतात. नंतर काळपट रंग पुष्कळ पाणी घालून पातळ करा आणि यानावर सोडा. तो खाचांत उतरतो आणि तेथे सावली दिसू लागते. शेवटी ब्रशला फिका रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाका. हा कोरडा ब्रश कडांवरून हलकेच फिरवा. फक्त उंच भाग उजळतात. एवढ्या दोन युक्त्यांनी साधे टोपणही लोखंडाचे वाटते.

कटर वापरताना मोठ्यांना जवळ बसवा आणि पाते नेहमी बोटांपासून दूर चालवा. सिमेंट आणि रंगाचे काम उघड्या खिडकीजवळ करा. घाई करू नका. या छंदात बहुतेक वेळ रंग वाळण्याची वाट पाहण्यात जातो. त्यासाठी सब्र हवा!

महाग किट नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जपानमध्ये को योकोयामा यांनी तऱ्हेतऱ्हेच्या किटचे भाग जुळवून स्वतःची यंत्रे बनवली. 1982 पासून ती एका मासिकातून लोकांसमोर आली. ती इतकी आवडली की पुढे त्यांचेच किट बाजारात आले. म्हणजे सुरुवात सुट्या भागांपासूनच झाली.

आमचे यान पुन्हा वर्गात आले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. मुले जवळ आली आणि विचारू लागली, “सर, याला इथे काय लागले? हे किती दिवस प्रवास करत होते?” शेवटच्या बाकावरचा तो मुलगा नुसता माझ्याकडे पाहून हसला.

मित्रांनो, कल्पनेला पंख असतात, असे आपण म्हणतो. पण त्या पंखांवर धूळ कोठे बसेल, हे खऱ्या जगाकडे डोळे उघडून पाहिल्यावरच कळते. आज घरी जाताना उभ्या असलेल्या एस.टी. बसकडे एकदा नीट पाहा. तुमच्या पुढच्या अवकाशयानाचा पहिला धडा तेथे उभा आहे.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब लहान रूप
आटे – टोपणाच्या आतील फिरकीच्या रेघा
कारागीर – हाताने कुशल काम करणारा
रूपांतर – एका रूपाचे दुसरे रूप करणे
अस्तर – मुख्य रंगाआधी दिलेला पहिला थर
फजिती – लोकांसमोर झालेली चूक
एकजीव होणे – पूर्णपणे एक होणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 1:72 या प्रमाणाचा अर्थ काय?
(आ) लेखकाने यानाला प्रथम कोणता रंग दिला?
(इ) मुलाचे वडील काय काम करत?
(ई) यानाच्या पायांवर तांबूस धूळ का दाखवली?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 3 फुटांचे यान पडद्यावर प्रचंड का दिसले?
(आ) लेखकाने यानावर गंजाची रेघ का काढली नाही?
(इ) ‘त्या दिवशी मी विद्यार्थी होतो’ असे लेखक का म्हणतो?

प्र. 3. रिकाम्या जागा भरा.
(अ) प्रत्येक डागाला …… असते.
(आ) भाग जितके बारीक, तितके यान …… दिसते.

प्र. 4. वाक्यांत उपयोग करा.
थक्क होणे, अभिमान वाटणे, ध्यानात ठेवणे

प्र. 5. जहाज, रंग, नमुना, कागद, दुकान, सब्र हे शब्द उर्दूतही आहेत. यांपैकी कोणते शब्द या पाठात आले आहेत? असे आणखी दोन शब्द पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : घरातील पाच टाकाऊ वस्तू जमवा. प्रत्येक वस्तू यानाचा कोणता भाग होऊ शकेल, ते मराठीत लिहून वर्गात सांगा.