४२९४९६७२९७ : एका मोठ्या संख्येची परीक्षा

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव ही संख्या दिसण्यांत इतर कोणत्याहि मोठ्या संख्येसारखीच आहे. परंतु तिच्यासंबंधीं फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाचा तर्क चुकला, आणि तो चुकला हें उघडकीस येण्यास ९२ वर्षें लागलीं. म्हणून तिची ओळख आम्ही विद्यार्थिवाचकांस करून देत आहों.

फर्मा हा तूलूझ येथील न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. २ चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा असे घात घेऊन प्रत्येकांत १ मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५५३७ या संख्या येतात. या पांचहि मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेंहि त्यांस निःशेष भाग जात नाहीं. यावरून पुढील सर्व संख्याहि मूळच असाव्यात, असें त्यानें १६४० मध्यें लिहिलें. पांच उदाहरणें जुळलीं कीं नियम ठरला असें मानण्याचा मोह शाळेंतील मुलांनाच होतो असें नाहीं! मात्र सिद्धता आपणांपाशीं नाहीं, हेंहि फर्मानें त्याच वेळीं मोकळेपणानें सांगितलें होतें.

सहावी संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, हीच आमची वरील संख्या होय. तिच्या शेवटीं ७ आहे, म्हणून २ व ५ यांनीं भाग जात नाहीं; अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेंहि जात नाहीं. याप्रमाणें पुढें चालावयाचें तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ च्या आंतील ६५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहण्याची तयारी ठेवावी लागेल.

सेंट पीटर्सबर्ग येथें असतांना ऑयलर यानें १७३२ मध्यें ६४१ हा अवयव दाखवून दिला. या संख्येच्या कोणत्याहि मूळ अवयवास ६४ नें भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, असें त्यानें पुढें सिद्ध केलें. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या होत. पहिल्या चारांनीं भाग जात नाहीं, पांचवीनें जातो. साडेसहा हजारांच्या जागीं पांच भागाकार! आश्चर्य हें कीं, या युक्तीची किल्ली फर्माच्याच एका सिद्धांतांत आहे.

भागाकार न करतांहि हें पटवितां येतें. ६४० ला ६४१ नें भागतां एक कमी पडतो. म्हणून ६४० च्या चौथ्या घातास ६४१ नें भागल्यास बाकी १ उरते. हा चौथा घात म्हणजेच ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आतां ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. दोन्ही बाजूंस २ च्या २८ व्या घातानें गुणा. डावीकडे ६४१ ची पट झाली. उजवीकडे पहिल्या पदाची बाकी १, आणि दुसरें पद २ चा ३२ वा घात. त्याची बाकी ६४० च असली पाहिजे. तींत १ मिळवितांच भाग निःशेष जातो. दुसरा अवयव ६७००४१७ असून तो मूळ आहे. गुणाकार विद्यार्थ्यांनीं पाटीवर ताडून पाहावा.

सातवी संख्याहि मूळ नाहीं. १८८० मध्यें लांद्री यानें तिचा २७४१७७ हा अवयव शोधला. ६५५३७ च्या पुढें या मालिकेंत एकहि मूळ संख्या अद्याप सांपडलेली नाहीं, आणि ती नाहींच असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं.