नाताळची सजावट व मुलांचे हात

(कुटुंबांसाठीं व शब्बाथ शाळांसाठीं पाठ)

शास्त्रभाग : निर्गम ३५:२०–२९; लूक २:१–२०; मत्तय २:१–१२.
हेतु : मुलांनीं आपल्या हातांनीं सजावट करितां करितां प्रभूच्या जन्माची हकीकत शिकावी.

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील घरांत दोन चिंता शिरतात. एक नव्या कपड्यांची व दुसरी सजावटीची. बाजारांतील विजेचे तारे व चकाकणाऱ्या माळा पाहून मुलें हट्ट धरितात, आणि कित्येक आईबाप उसनवारी करून सणाची शोभा विकत आणितात. जानेवारींत शोभा माळ्यावर जाते. ऋण मात्र उंबऱ्यावरच बसून राहतें.

येथें आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका मंडळींत आम्हीं वर्गणीच्या पैशांतून तालुक्याच्या गांवाहून तयार सजावट आणिली, व ती नाजूक म्हणून मुलांनीं तिला हात लावूं नये अशी ताकीद दिली. सायंकाळीं एक लहान मुलगी दाराशीं उभी राहून म्हणाली, "पाळकसाहेब, गोठ्याला हात लावला तर येशूबाळ रागावतो काय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्यानें बालकांना जवळ बोलाविलें, त्याच्याच जन्मदिनीं आम्हीं त्यांना दूर उभें केलें होतें. पुढल्या वर्षापासून त्या मंडळींत सजावट मुलांच्याच हातची होऊं लागली.

१. शास्त्र काय शिकवितें. अरण्यांत निवासमंडप उभारावयाचा होता, तेव्हां ज्याच्याजवळ जें होतें तें त्यानें आणिलें, आणि कुशल स्त्रियांनीं स्वहस्तें सूत कांतून दिलें. बसालेल यास कारागिरीचें ज्ञान देवाच्या आत्म्यानें मिळालें होतें, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. पुढें अर्पणें इतकीं जमलीं कीं, मोशेला लोकांस थांबवावें लागलें. यावरून हातांचें कौशल्य हेंही देवाचें दान आहे, व ज्यांत आपला हात लागला नाहीं तें अर्पण अपुरें वाटतें, हें मुलांना समजावून सांगावें.

२. तारा. जर्मनींतील नीस्की या गांवीं मोरेव्हियन मंडळीच्या शाळेंत १९ व्या शतकांत मुलांनीं भूमितीच्या पाठांत कागदाचे तारे केले. तेच पुढें पुष्कळ देशांत पसरले. आपल्याकडे कळकाच्या कामट्या पुरेत. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांच कामट्यांचा एक सपाट तारा, असे दोन तारे बांधावे. ते एकमेकांवर ठेवून पांचही टोंकें सुतळीनें घट्ट बांधावीं. मग आंतील बाजूस जेथें कामट्या एकमेकींना छेदितात, त्या पांच जागीं दोन्ही ताऱ्यांच्या मध्यें चार बोटें लांबीच्या खुंट्या बसवाव्या, म्हणजे तारा दोहों बाजूंनीं फुगतो. त्यावर पतंगाचा कागद पिठाच्या खळीनें चिकटवावा. कामट्या तासणें वडील माणसांनीं करावें. बांधणें व चिकटविणें मुलांकडे द्यावें. कागद वेडावांकडा बसला तरी उपटूं नये. तसेंच आंत पणती किंवा मेणबत्ती कधींही ठेवूं नये. कागद व कोरडा कळक क्षणांत पेट घेतात. न तापणारा लहान विजेचा दिवा ठेवावा, नाहीं तर तारा बिनदिव्याचाच टांगावा.

३. गोठा. इटलींतील ग्रेच्यो गांवीं फ्रान्सिस नांवाच्या भक्तानें इ. स. १२२३ त खरी गव्हाण, बैल व गाढव आणून गरीब लोकांना प्रभूच्या जन्माचा देखावा दाखविला. शहरांतील मुलास गव्हाण म्हणजे काय हें समजावून सांगावें लागतें. आमच्या मुलांनीं तींत रोज वैरण टाकिलेली असते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या व दिवाळींत किल्ला रचणाऱ्या बोटांना गोठा अवघड नाहीं. माती, कडबा व चार काटक्या पुरेत. १५ डिसेंबरच्या सुमारास भिजविलेले गहू गोठ्याभोंवतीं ओल्या मातींत पेरावे, म्हणजे सणापर्यंत हिरवळ येते.

काम चाललें असतां शास्त्र उघडून विचारावें : लूकानें बैलाचें नांव घेतलें आहे काय? नाहीं, त्यानें गव्हाण मात्र सांगितली आहे. मागी किती होते? मत्तय संख्या सांगत नाहीं. दानें तीन सांगतो, आणि ते घरांत आले असें म्हणतो. म्हणून मागी लोकांच्या आकृति प्रथम दूर कोपऱ्यांत ठेवाव्या, व ६ जानेवारीपर्यंत मुलांनीं त्या रोज थोड्या पुढें सरकवाव्या.

एक सावधगिरी मात्र अवश्य ठेवावी. ह्या आकृति स्मरणासाठीं आहेत, पूजेसाठीं नाहींत. त्यांस ओवाळूं नये, त्यांच्यापुढें नमन करूं नये. सण संपल्यावर मुलांनींच ती माती शेतांत परत टाकावी. ज्यांनीं ती स्वतः मळली, त्यांना तींत देव नाहीं हें सांगण्यास मोठा उपदेश लागत नाहीं.

४. शेजारी. शेजारचीं मुलें पाहावयास आलीं तर त्यांना उंबऱ्याबाहेर उभें करूं नये. त्यांच्याही हातांत कागद व खळ द्यावी. मेंढपाळांना बोलावणें प्रथम आलें, हें आपण विसरूं नये.

विचारासाठीं प्रश्न :
(१) निवासमंडपासाठीं स्त्रियांनीं काय आणिलें?
(२) गव्हाण हें आपल्या प्रभूच्या नम्रतेचें चिन्ह कसें आहे?
(३) यंदा आपल्या घरची सजावट ऋण न काढितां कशी होईल?

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, ह्या नाताळांत मंदिराची किल्ली दोन दिवस आधीं मुलांना द्यावी. तारा थोडा वांकडा लागेल, लागूं द्यावा. ज्या बालकासाठीं तो टांगला आहे, त्यास तो वांकडा दिसणार नाहीं.