नणंदेची बाटली

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. नणंदेने अमेरिकेहून मल्टिव्हिटॅमिनची बाटली पाठवलीय. सगळं एकदमच घेतलं तर चालेल का?

उत्तर : एकदम नको. कॅल्शियम सोबत असलं की लोह नीट अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच, लिंबूपाणी उत्तम. शौचाला काळं होईल, घाबरू नका. बाटलीवर ‘रेटिनॉल’ किंवा ‘रेटिनाइल’ शोधा. हे तयार अ-जीवनसत्त्व. रोज १०,००० युनिटांच्या वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. गाजरातल्या बीटा कॅरोटिनची ही भीती नाही. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतंच, वर आणखी कशाला? बाटली पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्या. तोवर झाकण उघडू नका, नणंद रुसली तरी.