आधी हाताने फिरवा, मग किक मारा

घरी कॅम बदलला आणि गाडी चालू होईना, तर प्लग बदलू नका, कार्बोरेटर खोलू नका. कालपर्यंत ते दोन्ही ठीक होते. आपला हात जिथे लागला, बिघाड तिथेच शोधायचा. पारनेर तालुक्यातल्या माझ्या पुतण्याच्या स्प्लेंडरवर हे मी जवळून पाहिलं. रोज सकाळी दुधाच्या किटल्या डेअरीला नेणारी गाडी. ऑइल कमी पडून कॅम खाल्ला गेला होता. त्याने नवा आणून गोठ्यासमोर बसवला आणि मग दिवसभर प्लग नि जेट साफ करत बसला. संध्याकाळी मला फोन आला, "काका, करंट आहे, पेट्रोल आहे, तरी उचलत नाही."

आमच्या नगर जिल्ह्यात इंजिन घरी खोलायची सवय जुनी आहे. कायनेटिकची लूना 1972 मध्ये इथूनच निघाली आणि माझ्यासारखे कितीतरी जण तिच्यावरच हात बसवून शिकले. टू-स्ट्रोक इंजिन ते. त्यात ना व्हॉल्व, ना कॅम, ना टायमिंग चेन. पिस्टनच वर-खाली होताना पोर्ट उघडतो आणि झाकतो. हेड काढा, कार्बन खरवडा, परत बसवा, गाडी पळाली. त्या शिकवणीचं मोल मला आजही वाटतं. पण 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर, आणि घराघरात फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या. यात व्हॉल्व कधी उघडायचा नि कधी मिटायचा हे चेनने फिरणारा कॅम ठरवतो. तिथे लूनाचा हात चालत नाही.

पुतण्याच्या गाडीची किक हलकी पडत होती आणि मधूनच कार्बोरेटरमधून फुसकारा येत होता. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी टायमिंगवरच बोट ठेवतो. इनटेक व्हॉल्व उशिरा मिटला तर वर येणारा पिस्टन आत घेतलेलं मिश्रण कार्बोरेटरकडे परत ढकलतो आणि दाबायला पुरेसं काही उरतच नाही.

अशा वेळी किक मारत राहणं धोक्याचं आहे. टायमिंग फार चुकलं असेल तर व्हॉल्व पिस्टनला आपटून वाकू शकतो. प्लग काढा, मॅग्नेटच्या नटावर पाना लावा आणि डाव्या बाजूने बघत इंजिन घड्याळाच्या उलट, सावकाश फिरवा. कुठे कडक अडलं तर जोर न लावता थांबा. मॅग्नेटवरची टी खूण समोर आली की कॅमच्या स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर हवी. इथे पुष्कळजण फसतात, कारण टीच्या थोडी आधी एफ खूण येते. ती स्पार्कची, कॅम बसवण्याची नव्हे.

आमच्याकडे गोल खूण खाचेच्या एक दात अलीकडेच थांबत होती. स्प्रॉकेट बसवताना चेनची ओढणारी बाजू ढिली राहिली होती. एक दात म्हणजे किती? स्प्रॉकेट 28 दातांचं असेल तर कॅमचे जवळजवळ 13 अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे 26. एवढ्या फरकात गाडी उचलणार कशी? टेन्शनरचा दाब सोडून चेन पुन्हा बसवली, हाताने दोन पूर्ण फेरे देऊन खुणा परत पाहिल्या, आणि मगच किक मारली. गाडी लगेच चालू झाली.

पण चालू झाली म्हणजे झालं, असं नसतं. दुसऱ्या दिवशी डेअरीपर्यंत गेली, तापली आणि बंद पडली. थंड झाल्यावर पुन्हा चालू. हा टॅपेटचा दोष. कॅम बदलला की जुनं अंतर लागू राहत नाही. ते फार कमी असेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि तशीच दामटली तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. इंजिन पूर्ण थंड हवं, टी खूण समोर हवी आणि दोन्ही रॉकर मोकळे हवेत. एक जरी ताणलेला असेल तर आणखी एक फेरा द्या. मग फिलर गेजने अंतर लावा. आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको.

मला सर्वांत जास्त काळजी ऑइलची वाटते. टायमिंग चुकलं तर गाडी बोलते. ऑइल वर पोचलं नाही तर नवा कॅम मुकाट्याने झिजतो. गॅस्केटला सिलिकॉन भरभरून लावलं की त्याचा गोळा ऑइलच्या बारीक वाटेत अडकतो. म्हणून बसवतानाच कॅमला आणि रॉकरला ऑइल चोळा, पट्टीवर पातळी बघा, आणि गाडी चालू झाल्यावर टॅपेटचं झाकण जपून ढिलं करून ऑइल येतंय का ते पाहा. येत नसेल तर लगेच बंद करा. जुना कॅम कशाने खाल्ला गेला ते शोधल्याशिवाय नवा घालण्यात पैसा वाया जातो.

एवढं करूनही कॉम्प्रेशन लागत नसेल किंवा एकाच टॅपेटचं अंतर अचानक खूप वाढलेलं दिसलं, तर व्हॉल्व वाकल्याची शंका घ्या. हेड उतरवून उलटं ठेवा, प्लग घट्ट बसवा, व्हॉल्वच्या बाजूने थोडं रॉकेल ओता आणि पोर्टमधून पाझरतंय का पाहा. पाझरलं, तर पुढचं काम घरचं नाही. हेड घेऊन शहरात व्हॉल्व-सीटचं काम करणाऱ्याकडे जा.