शेंडा खुडला की मुळांना कळतं

निपाणीची तंबाखू म्हटली की आपल्याला वखारी आठवतात, १९८१ चं शेतकरी आंदोलन आठवतं. या वेळी मला पानाच्या आत काय चालतं ते सांगायचंय. मी साहित्याची विद्यार्थिनी, रसायनशास्त्र बेताचंच. पण विषय निरोपाचा आहे, म्हणजे आपलाच.

पीक कळ्यांवर आलं की शेतकरी शेंडे खुडतात, मग बगलफूट काढतात. का? फुला-बियांकडे जाणारा जोर पानात राहावा, पान जाड आणि कडक व्हावं, असं शिवारात कुणीही सांगेल. ते खरंच आहे. विज्ञान त्यात थोडी भर घालतं.

अळीने पान कुरतडलं काय किंवा शेंडा तुटला काय, झाडाच्या लेखी ती जखमच. जखमी पेशींतून लिनोलेनिक आम्ल सुटतं. जवसाच्या तेलात भरपूर असतं तेच हे स्निग्धाम्ल. त्याच्या १८ कार्बनांच्या साखळीपासून टप्प्याटप्प्याने १२ कार्बनांचं जॅस्मोनिक आम्ल तयार होतं. नाव जॅस्मिनवरून आलं, कारण त्याचं सुगंधी भावंड १९६२ साली चमेलीच्या तेलात सापडलं. जखमेचा हा निरोप मुळांपर्यंत जातो. निकोटीन पानात नव्हे, मुळांत तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. शेंडा गेल्यावर तिथून येणारं ऑक्सिन हे संप्रेरकही घटतं, त्यानेही निकोटीन वाढतं.

आपल्या शरीरातही अशीच रीत आहे. २० कार्बनांच्या ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात. ताप, सूज, पाळीतली कळ यांत त्यांचा हात असतो. खऱ्या संप्रेरकांसारखी ती रक्तातून लांब जात नाहीत, जिथे बनतात तिथेच आसपास काम करतात. म्हणून त्यांना ‘संप्रेरकासारखी’ म्हणतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

आता मुद्दा. ज्याला आपण ‘कडक माल’ म्हणतो, तो झाडाने अळीसाठी केलेला बंदोबस्त आहे. पण हिरवं, ओलं पान हाताळणाऱ्या बाईच्या कातडीतूनही तेच निकोटीन अंगात शिरतं. चक्कर येते, मळमळतं. तिला ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून देऊ नये. दव वाळल्यावर काम, हातमोजे, पूर्ण बाह्या, काम संपताच साबणाने हात धुणं, एवढ्यानेही फरक पडतो.

तंबाखूवर कथा-कविता लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, वासाबद्दल जरूर लिहा. त्या हातांबद्दलही लिहा.