ऑनलाइन गेममधली शिवीगाळ : शिट्टी कोणी वाजवायची?



कबड्डीच्या मैदानावर एखादा खेळाडू शिवी देऊ लागला तर पंच शिट्टी वाजवतो, ताकीद देतो. तरी ऐकलं नाही तर बाहेर बसवतो. मोबाइलवरच्या गेममध्ये मात्र आपलं मूल तीन अनोळखी खेळाडूंच्या स्क्वॉडमध्ये असतं. कानात हेडफोन, त्यामुळे शेजारी बसलेल्या आईलाही काही ऐकू येत नाही. मग इथला पंच कोण? आठवी-नववीच्या वर्गात चर्चेला घेण्यासारखा हा विषय आहे.

आधी फरक ओळखू या

हरल्यावर थोडं डिवचणं ही चेष्टा. जात, धर्म, रंग किंवा आई-बहिणीवरून बोलणं, मुलीचा आवाज ऐकून घाणेरडं बोलणं ही शिवीगाळ. धमकी देणं, फोटो मागणं, नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवणं हा त्याहून गंभीर प्रकार. तिन्हींवर उपाय एकच असू शकत नाही.

१. खेळाडूंनीच न्याय करावा का?

हा प्रयोग झालेला आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा गेम बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीने २०११ मध्ये ‘ट्रिब्युनल’ सुरू केलं. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्याचं चॅट इतर खेळाडूंनी वाचायचं आणि मत द्यायचं : शिक्षा की माफी? कल्पना छान होती. आपल्या वागण्याचे नियम आपणच ठरवायचे, वर्गाच्या मंत्रिमंडळासारखं! पण गुन्हा आज आणि निकाल कितीतरी दिवसांनी, असं होऊ लागलं. तोवर शिवी देणारा शिवी विसरलेलाही असायचा. २०१४ मध्ये ही पद्धत थांबली. आपण शिक्षक जाणतोच, उशिरा मिळालेल्या शिक्षेतून मूल काही शिकत नाही.

२. कंपनीने?

कोण काय बोललं याची नोंद कंपनीकडे असते. खातं बंद करण्याचं बटणही तिच्याच हातात असतं. गेम रचतानाच ती बरंच काही करू शकते. याच रायट गेम्सने विरुद्ध संघाशी चॅट करण्याची सोय मुळात बंद ठेवून पाहिली. ज्याला हवी त्याने ती चालू करायची. एवढ्याशा बदलाने वाईट बोलणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं, असं कंपनीनेच सांगितलं. कोणालाही शिक्षा न करता!

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार ज्या ऑनलाइन सेवांवर लोक आपला मजकूर टाकतात, त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते. हा आपला हक्क आहे, तो वापरायला हवा.

३. पोलिसांनी?

प्रत्येक शिवीसाठी पोलीस नकोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आठवा. ‘त्रासदायक’ मजकूर अशा सैल शब्दांमुळे त्याचा गैरवापर झाला. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. अखेर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. पण म्हणून गंभीर प्रकार सहन करायचे असं नाही. मुलांचा लैंगिक छळ पोक्सो कायद्याखाली येतो. मुलीचा ऑनलाइन पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. अशा वेळी स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

४. आणि आपण?

मला वाटतं, पहिली जबाबदारी कंपनीची, कारण नोंद आणि बटण दोन्ही तिच्याकडे आहे. खेळाडू साक्षीदार. पोलीस गंभीर प्रकारासाठी. पण ही साखळी सुरू कुठून होते? मूल घरी किंवा शाळेत तोंड उघडतं तिथून. आणि नेमकं तिथेच आपण चुकतो. मुलाने सांगितलं, “आई, तो दादा घाण बोलतो,” की आपलं उत्तर ठरलेलं : “आण तो मोबाइल इकडे!” म्हणजे शिवी दिली दुसऱ्याने आणि शिक्षा सांगणाऱ्याला. पुढच्या वेळी ते मूल सांगेल का? म्हणून आधी ऐकून घ्या. मग दोघं मिळून म्यूट, ब्लॉक, रिपोर्ट करा. मोबाइल किती वेळ वापरायचा हा विषय दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

आपलंच मूल शिव्या देत असेल तर? तेही शक्य आहे. तेव्हा एवढंच विचारा : हेच वाक्य तू वर्गात, समोर बसलेल्या मित्राला बोलला असतास का?

वर्गात करून पाहा

- चिठ्ठ्यांवर पाच प्रसंग लिहा. एक साधी चेष्टा, एक जातीवरून शिवी, एक धमकी, एक फोटोची मागणी, एक मुद्दाम आपल्याच संघाला हरवणं.
- प्रत्येक गटाने ठरवावं : म्यूट, रिपोर्ट, मोठ्यांना सांगणं की पोलीस? कारणही सांगावं.
- शेवटी वर्गाने स्वतःचे पाच नियम लिहून फळ्याशेजारी लावावेत.

गटांची मतं जुळली नाहीत तर घाई करू नका. खरी चर्चा तिथूनच सुरू होते.