अंतकाळची शुश्रूषा

देव दारी आला तरी पुंडलिकाने मायबापांची सेवा टाकली नाही. देवाला उभे राहायला वीट दिली आणि हातातले काम चालू ठेवले. आपला संप्रदाय त्या विटेवर उभा आहे. तेव्हा घरातले माणूस अंथरुणाला खिळून अखेरच्या वाटेला लागले असता आपण कसे वागावे, हा वारकऱ्याच्या अभ्यासाचाच विषय होय.

अंतकाळी मुखी नाम यावे, ही आपली मोठी आस. गीतेच्या आठव्या अध्यायात प्रयाणकाळच्या स्मरणाचा विषय आहे आणि माउलींनी तो ज्ञानेश्वरीत उलगडून सांगितला आहे. याच आशेपोटी काही घरांत शंका निघते, "सिस्टर मॉर्फिन देतात, त्याने शुद्ध जाईल आणि नाम राहून जाईल. औषध नको, सोसू द्या." शंका भक्तीतून आलेली आहे, म्हणून तिला नीट उत्तर दिले पाहिजे.

नुसती दाढ ठणकत असली तरी हरिपाठात चित्त लागत नाही. मग कर्करोगाच्या कळा सोसणाऱ्याने नाम कसे घ्यावे? इंग्लंडात सिसिली साँडर्स नावाच्या बाई आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. रोगी कळवळेपर्यंत थांबू नये, ठरल्या वेळी बेताची मात्रा द्यावी, म्हणजे वेदना आटोक्यात राहून माणूस आपल्या माणसांत राहतो, ही रीत त्यांनी जगापुढे मांडली. अशा रोग्यांसाठी १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे सेवास्थान काढले. आपल्याकडे मुंबईस वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले.

मॉर्फिनने पहिले काही दिवस गुंगी येते, ती बहुधा ओसरते. पोट जड होते, म्हणून सोबत रेचक देतात. मात्रा डॉक्टर ठरवतात, पण रोग्याच्या चेहऱ्यावरची आठी आधी दिसते ती परिचारिकेला. ती कळवते तेव्हा मात्रा बदलते. अगदी शेवटी जी झोप लागते ती बहुतेक आजाराचीच असते. वेदना शमविणे म्हणजे नामाला जागा करून देणे, असे आमचे म्हणणे आहे.

आता घरच्यांनी तिच्याकडून शिकण्याच्या गोष्टी. पहिली तीर्थाची. गिळण्याची शक्ती गेल्यावर चमच्याने गंगाजल घातले तर ते श्वासनलिकेत उतरते आणि जीव गुदमरतो. कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करावे, तुळशीचे पान ओठांना लावून उशाशी ठेवावे. श्रद्धाही राहते आणि जीवही कष्टत नाही. दुसरी अन्नाची. शरीर मागत नसता घास कोंबू नये. जेवत नाही म्हणून माणूस चालला असे नव्हे, चालला आहे म्हणून भूक मावळली आहे. तिसरी कुशीची. दर दोन तासांनी हलक्या हाताने कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. घशात घरघर लागली तर एका कुशीवर निजवावे. ती घरघर आपल्याला जितकी भिववते तितका त्रास रोग्याला बहुधा होत नसतो.

चौथी गोष्ट नामाची. मुखाने नाम घेण्याची ताकद सरली तरी कान जागे असू शकतात. कॅनडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शुद्ध हरपलेल्या काही मरणोन्मुख रोग्यांच्या मेंदूने आवाजाला प्रतिसाद दिल्याचे आढळले. जाणत्या परिचारिका तर शुद्ध नसलेल्या रोग्यालाही सांगूनच हात लावतात, "आजोबा, कूस बदलते हं." म्हणून खाटेभोवती रडारड, वाटण्यांची बोलणी करू नयेत. एकाने हात हातात घेऊन कानाशी हळू आवाजात विठ्ठलनाम घ्यावे. त्याच्या मुखी येईना, तर ते आपल्या मुखी यावे.

आणि एक. माणूस गेल्यावर कित्येक जण परिचारिकेवरच राग काढतात. ज्याची जात वा गाव तिने विचारले नाही, त्याचे मलमूत्र तिने काढलेले असते. प्राण गेल्यावर डोळे मिटून, अंग पुसून देह नीट करणारे हातही तिचेच. लगेच तिला दुसऱ्या खाटेकडे जायचे असते. वारीत अनोळखी माणसालाही आपण माउली म्हणून पाया पडतो. त्या खाटेपाशीही तो शब्द विसरू नये.

रामकृष्णहरि.